तळमजल्यावरच्या संडासातली खुंटी न काढण्याबाबत

प्रति,
मा. कार्यालय अधीक्षक साहेब,
मुख्य इमारत, पहिला मजला.

विषय: तळमजल्यावरच्या संडासाच्या दाराला लावलेली लाकडी खुंटी व फळी जागेवर राहू देणेबाबत.

संदर्भ: १) खुंटीची परवानगी मागणारे अर्जदाराचे तीन अर्ज. सात महिने परवानगी नाही.
२) खुंटी काढण्याची आपली नोटीस व कामाची चिठ्ठी. दोन्ही एकाच दुपारी मिळाल्या.

महोदय,

१. सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार या इमारतीचा सुतार असून एकतीस वर्षं इथली दारं, खुर्च्या आणि डुगडुगणारी टेबलं त्याच्याच हातून सरळ झाली. आपल्या टेबलाचा चौथा पाय त्याचाच. गेल्या साली त्याच्या आतड्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी पोटावरून वेगळी वाट काढून दिली. तिला स्टोमा म्हणतात. तिच्यावर चिकटणारी पिशवी असते आणि शी त्या पिशवीत जमते. हे लिहिताना अर्जदार लाजत नाही. आपल्या तीन सदस्यांच्या समितीपुढे सदरा वर केला, तेव्हाच त्याची लाज संपली.

२. ही पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करावी लागते. भरू दिली तर वजनानं सुटते आणि मग माणसाला तोंड लपवायला जागा उरत नाही. सदरा वर धरायचा, पिशवीचं तोंड उघडायचं, पुसायचं, पुन्हा बंद करायचं. हात दोनच. फरशी बारा महिने ओली. अर्जदार सदरा दातांत, सामानाची थैली हनुवटीखाली आणि विजार गुडघ्यांत धरून उभा राहायचा. एकदा थैली निसटली ती थेट भांड्यात. त्या दिवशी तो अर्धी रजा टाकून घरी गेला. रजेच्या अर्जात डोकेदुखी लिहिली ती खोटी होती, माफी असावी.

३. सबब एक खुंटी आणि तळहाताएवढी फळी मागितली. पण चिठ्ठीशिवाय इमारतीत खिळा ठोकायचा नाही हा नियम, आणि तो अर्जदारानं एकतीस वर्षं पाळला. पहिला अर्ज खाली आला तो अर्जदाराकडेच, सुताराचा अंदाज पाहिजे म्हणून. त्यानं लिहिलं: एक लाकडाचा तुकडा, चार स्क्रू, दहा मिनिटं. दुसरा अर्ज परत आला, कारण मागणारा आणि अंदाज देणारा माणूस एकच निघाला. मग समिती आली. तिघंही सदस्य एका संडासात मावेनात, म्हणून पाळीपाळीनं आत गेले. शेरा मारला की खुंटीची उंची सर्व कर्मचाऱ्यांना सोयीची आहे का, हे तपासावं. आपल्या हेडक्लार्कनी मायेनं सुचवलं की कामाच्या दिवशी जेवूच नका. दवाखान्यातल्या नर्सबाई म्हणाल्या, उपाशी राहिलं की पोटात वारा जास्त धरतो. थोडं थोडं, चावून चावून खा, पाणी भरपूर प्या.

४. तिसऱ्या अर्जावर शेरा आला, स्टोमा अद्याप असल्याचा दाखला जोडावा. अर्जदार डॉक्टरांकडे गेला. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि विचारलं, "तो कुठं जाणार होता?" तरी दाखला दिला.

५. मग एका दुपारच्या सुट्टीत अर्जदारानं खुंटी आणि फळी लावली. नऊ मिनिटं लागली. हा गुन्हा कबूल आहे. लावायची चिठ्ठी सात महिन्यांत निघाली नाही, काढायची एका दुपारीत निघाली. कार्यालयाला चिठ्ठी लिहिता येते, हे पाहून समाधान वाटलं.

६. इथपर्यंत अर्जदार गप्प बसला असता. त्याची निवृत्ती एका महिन्यावर आहे, घरच्या संडासात त्याच्या बायकोनं सांगितल्या जागी तीन खुंट्या आहेत. परंतु नोटीस लागली त्या दिवशी या इमारतीतला एक कर्मचारी सुतारखोलीत आला आणि दार लावून रंध्याशी उभा राहिला. बराच वेळ भुसाच चाचपत होता. मग म्हणाला, "दादा, ती काढू नका. चार वर्षं झाली, मी इथं पाणीसुद्धा पीत नाही."

७. त्यालाही स्टोमा आहे. चार वर्षं कुणाला सांगितलं नाही. अर्जदारानं त्याला बसवलं, पाणी दिलं आणि अंगावर निभावलेलं सांगितलं. पिशवी बदलायची ती सकाळी, पोटात काही जायच्या आत, तेव्हा ती वाट शांत असते. कोमट पाण्यानं धुवायचं, तेलकट साबण नको, कातडी कोरडी झाल्याशिवाय पिशवीची चकती चिकटवायची नाही. जास्तीची पिशवी आणि एक सदरा कायम जवळ, पण उन्हातल्या गाडीत नाही, डिंक पातळ होतो. आणि स्वतःची चूकही सांगितली. स्टोमाभोवती बसणारं चकतीचं भोक अर्जदारानं सुताराच्या सवयीनं अगदी फिट्ट कापलं होतं, सांध्यात केस जाऊ नये असं. आठ दिवसांत तिथं रक्त आलं. नर्सबाई तापल्या, "बाबा, ते लाकूड नाही, फुगतं आणि बसतं. दोन मिलिमीटर मोकळं ठेवा." तो माणूस हसला. आता दुपारी डबा उघडतो. त्याचं नाव अर्जदार सांगणार नाही, आणि संडासाबाहेर कुणाला उभं करून शोधू नये.

८. तरी विनंती की काढायची चिठ्ठी रद्द करावी. तसं जमत नसेल, तर ती खुंटी दुसऱ्या सुताराकडून काढून घ्यावी. या कार्यालयात दुसरा सुतार नाही, हे अर्जदाराला माहीत आहे.

आपला नम्र, आणि अजून महिनाभर आपलाच,
(सही)
सुतार, तळमजला
दिनांक: नोटिशीचा सहावा दिवस

सोबत:
१) काढायची चिठ्ठी, काम न करता परत.
२) स्टोमा असल्याचा दाखला. पुढच्या महिन्यातही असेल.
३) एक खुंटी, एक फळी, चार स्क्रू. पहिल्या मजल्यावरच्या संडासासाठी. चिठ्ठीची वाट बघतोय.