भांडारातली मांडणी न हलवण्याबाबत

मी, माया कुंडलिक साळवे, वय ५४, कॉम्प्युटर क्लास चालवणारी, राहणार भोर, सोमवारी पुण्यात हृदयाचं ऑपरेशन असल्यामुळे हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहिते. माझं डोकं ठिकाणावर आहे. ठिकाणावर नाही ती चहाची गाळणी. वर्षानुवर्षं खिळ्याला होती. भाचा प्रशिक दिवाळीला आला आणि त्याने ती 'धातूच्या वस्तूं'मध्ये लावली. आज चहा फडक्यातून गाळला.

१. राहतं घर प्रशिकला. तिथे त्याने काय हवं ते हलवावं. बघायला मी नसेन.

२. लिनक्सच्या पॅकेजांचं, म्हणजे कॉम्प्युटरवर चढवायच्या प्रोग्रामांचं भांडार, क्लासमधली मोठी हार्डडिस्क, त्याला नाही. इथलं इंटरनेट मुंगीच्या पावलाचं, म्हणून सगळं पुण्याहून उतरवून आणायचं आणि त्याची नक्कल एसटीने मार्गासनीला, आंबवड्याला धाडायची. तिथल्या मशीनना एकच पत्ता ठाऊक: आधी आवृत्ती, मग विभाग, मग अक्षर. प्रोग्राम आणून चढवणारा पॅकेज मॅनेजर त्याच वाटेने जातो, शेजारी चौकशी करत नाही. लिनक्स बनवणाऱ्यांतही प्रत्येकाची मांडणी निराळी. एकाचे तांदूळ कणगीत, दुसऱ्याचे माळ्यावर. ती तक्रार मी सोबत नेते. निदान भोर-वेल्ह्यात तरी एकच मांडणी राहावी.

३. प्रशिकने खेळ, ऑफिस आणि 'इतर' असे नवे फोल्डर केले.

"आत्या, आता माणसाला पटकन सापडतंय."

"माणसाला कोण इचारतंय रे? मशीन हुडकत न्हाई, सांगितल्या जागी जातं!"

तोवर या नव्या मांडणीची नक्कल मार्गासनीला पोचली होती. तिथल्या झुबेदाबींच्या क्लासातल्या मुली परीक्षेला बसल्या आणि टायपिंगचा प्रोग्राम चढेना. फोन आला: "मायाताई, डिस्क धाडली का नुस्ता फडका? पोरी रडाय लागल्यात हितं!" परीक्षा बुधवारवर गेली. दोघींच्या घरचे म्हणाले, "बघू आता." मुलीच्या शिक्षणाबाबत या 'बघू'चा अर्थ मला माहीत आहे. एवढं होऊनही डिस्क परत आली ती झुबेदाबींच्या स्टीलच्या डब्यात, वर नाचणीचे पापड. रिकामा डबा धाडायची रीत त्यांच्याकडे नाही.

४. भांडार शाहिस्ता मुलाणींना, माझ्या क्लासमधल्या दुसऱ्या बाईंना. पात्रता: त्या खडूसुद्धा जागच्या जागी ठेवतात. अट: एकही फोल्डर हलवू नये. सुधारणा सुचलीच तर आधी सगळ्या गावांना कळवावं, मग चहा प्यावा, आणि मग करू नये.

५. प्रशिकला भांडार पाहण्याची मुभा आहे, हात पाठीमागे ठेवून.

~~६. झुबेदाबींचा डबा माझ्यामागे~~

वरील मजकूर वाचून, पटून सही केली.
माया कुंडलिक साळवे

साक्षीदार: कमळाबाई गेनबा कांबळे, शेजारीण
झुल्फिकार अन्वर शेख, घड्याळ दुरुस्ती

भोर, ११ नोव्हेंबर २००६

खुलासा: कलम सहा मीच खोडलं. मांडणी प्रशिककडूनच पूर्ववत करून घेतली. डबा सकाळच्या वेल्हे एसटीने मार्गासनीला गेला. खाली डिस्क, वर तिळाचे लाडू.
मा. कुं. साळवे