काहिलीपाशी दोन माणसं

३ नोव्हेंबर, सोमवार
आज घरात आलं ते असं — दळण ३५. कापूर २०, वाती घरच्या. केळी एक डझन ५०, दोन काळी निघाली म्हणून भांडून ४५. उपकेंद्रातून ह्यांच्या शुगरच्या आणि बी.पी.च्या गोळ्या, महिनाभराच्या — शून्य.

उपकेंद्राच्या बोर्डावर आता 'आरोग्य मंदिर' लिहिलंय. मंदिर म्हटल्यावर मी चपला बाहेर काढल्या. मोनिका मॅडम म्हणाल्या, "काकू, घालून या आत, फरशी गार आहे." तिथल्या त्या मुख्य. पोरगीच आहे, पण मॅडम. मंदिर बरं वाटलं. दक्षिणापेटी कुठं दिसली नाही.

ह्यांची शुगर ३१२. गोळ्या चालू असून! "काका खातात काय?" मॅडमनी मला विचारलं, जशी काय मीच चोरून भरवते. भाकरी, भाजी, बिनसाखरेचा चहा. हे गप्प. बायकोसमोर गप्प बसायचं व्रत त्यांनी आजवर मोडलेलं नाही.

५ नोव्हेंबर
आता डोळेपण उपकेंद्रातच तपासतात. नाहीतर मागल्या वर्षी काय झालं — शिरूरला डोळ्यांच्या शिबिरात गेलो तर म्हणाले, आधी शुगर उतरवून या. दौंडला शुगरच्या डॉक्टरकडे गेलो तर म्हणाले, डोळ्याचं डोळ्यावाल्याला विचारा. एसटीचं भलं झालं.

आज मशीनवर डोळ्याच्या आतला फोटो काढला. फोटो म्हटल्यावर ह्यांनी मिशीवरून हात फिरवला. मॅडम हसल्या. फोटो पुण्याच्या डॉक्टरांकडे गेला, आणि दुपारी उत्तर आलं — दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पिकलेला. त्यामागचा पडदा दिसतसुद्धा नाही. ऑपरेशन शिरूरला होईल, पण शुगर दोनशेच्या आत आणा, मग तारीख.

हे गुळव्या आहेत. पोपटरावांच्या गुऱ्हाळात काहिलीतला रस उकळताना बघत राहायचं आणि गूळ झाला की "उतरवा" म्हणायचं, एवढंच काम. पण तो शब्द चुकला की अख्खी काहील वाया. नजर गेली तर ते काम गेलं. आणि उकळत्या काहिलीच्या काठावर न दिसणारा माणूस — पुढचं लिहीत नाही.

८ नोव्हेंबर, संकष्टी
उपास. गणपतीला गूळ-खोबरं ठेवलं आणि त्याच्या पोटाकडे बघत बसले. एवढं पोट, रोज मोदक, बसायला उंदीर, चालणं म्हणून नाही. ह्याची शुगर कुणी तपासली नाही अजून. ह्यांची तेवढी उतरव म्हटलं. माझ्या नवऱ्याला पथ्य आणि तुला नैवेद्य, हे काही बरोबर नाही.

१२ नोव्हेंबर
आज पकडले.

डबा घेऊन न सांगता गुऱ्हाळावर गेले. आधी महेंद्र भेटला, काहिलीखालच्या चुलवाणात चिपाडं घालतो तो, यूपीचा. म्हटलं, "उस्ताद क्या खाता है इधर?" माझं हिंदी असंच. तो म्हणाला, "चाची, उस्ताद खाते नहीं, चखते हैं. हर कड़ाही में चार-पाँच बार."

उसाच्या ढिगामागं उभी राहिले. हे काहिलीवर वाकले. वाफेत डोळे बारीक केले, पुसले, परत वाकले. मग पळीभर पाक गार पाण्यात सोडला, बोटांनी गोळी वळली आणि तोंडात टाकून दाढेखाली दाबली. थोड्या वेळानं परत तेच. दिवसभरात किती काहिली होतात ते मला माहीत आहे. गुणाकार केला नाही.

पुढं जाऊन म्हटलं, "चोर सापडला."

दचकले नाहीत. म्हणाले, "रंग दिसत न्हाई गं. बुडबुडं पन न्हाई. दातानं कळतं."

"कधीपासून?"

"दोन हंगाम झालं."

भांडायचं ठरवून गेले होते. डबा ठेवला आणि आले.

१३ नोव्हेंबर
मॅडमना सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. "म्हणजे दिसत नाही म्हणून गूळ चाखतात, चाखतात म्हणून शुगर वाढते, आणि शुगर वाढली म्हणून ऑपरेशन होत नाही. काकू, मी गोळ्या वाढवत बसले असते." मग म्हणाल्या, "काकांनी चाखायचं सोडलं तर कोण सांगणार गूळ झाला ते?"

चांगला प्रश्न. उत्तर द्यायला तिथं मीच बसलेली.

१६ नोव्हेंबर
काहिलीपाशी बाई म्हणून गुऱ्हाळावर सगळे माना वळवून बघत होते. पोपटराव शिरूरहून आले होते. "वहिनी, तुम्ही कशाला चटके खाताय?"

"नवऱ्यावर पाळत ठेवायला."

"मग ठेवा," म्हणाले. "आमच्या हिनं पन ठेवली आस्ती, पर तिला तेवढा येळ न्हाई."

मी बघून सांगायचं, ह्यांनी ऐकून ठरवायचं. "बुडबुडे मोठे झाले."

"केवढं?"

"लिंबाएवढे."

"थांब. फुटत्यात कशे?"

"सुस्त. तुमच्यासारखे."

महेंद्रला मराठी येत नाही म्हणे, पण हसला.

२१ नोव्हेंबर
आज एक काहील माझ्यामुळं करपली. मी सोनेरी म्हटलं, ते तांबूस होतं. कुणी बोललं नाही, ते जास्त लागलं. घरी येताना हे म्हणाले, "माझ्या पयल्या चार करपल्या व्हत्या. तवाचं मालक लई शिव्या द्यायचे. तुला त्येवढ्या शिव्या कोन देनार?"

म्हटलं, तुम्ही द्या. म्हणाले, घरी जायचंय मला.

२८ नोव्हेंबर
साडीला राखेचा वास, देव्हाऱ्यापर्यंत येतो. देवाला चालतो. यज्ञाचा नाहीतरी वेगळा काय असतो!

९ डिसेंबर
शुगर १७४! मॅडमनी दोनदा तपासली. शिरूरची तारीख मिळाली, १८. गणपतीला पेढा नाही, पेरू ठेवला. त्यानंही आता जपावं.

१८ डिसेंबर
उजव्या डोळ्याचं झालं. आत जाताना माझा हात सोडेनात. नर्स म्हणाली, "आजी, बाहेर थांबा." आजी तुझी आई, असं मनात म्हटलं आणि थांबले. अथर्वशीर्ष म्हणत होते, मधेच विसरले, परत पहिल्यापासून.

२७ डिसेंबर
मोतीबिंदू निघाला, म्हणून मागचा पडदा दिसला. शिरूरच्या डॉक्टरीण बाई हळू बोलणाऱ्या. शुगरनं पडद्यावर बारीक रक्तस्राव झालाय, नजरेच्या नेमक्या मधोमध सूज आहे. इंजेक्शनं देऊ, लेझर करू. गेलं ते सगळं परत येणार नाही, राहिलंय ते राखू. दुसऱ्या डोळ्याचं नंतर करू, पण त्यातही असंच असणार.

हे म्हणाले, "रंग कळंल का?"

"कुठला रंग, काका?"

"पाकाचा. सोनेरी आन् तांबूस, दोनीतला."

त्या म्हणाल्या, "माणसं ओळखाल. रस्ता ओलांडाल. तेवढं बारीक नाही सांगता येणार."

एसटीत खिडकीची जागा ह्यांना दिली. बाहेर बघत होते. न्हावऱ्याच्या फाट्यावर म्हणाले, "कांदा चांगला आलाय." चांगला नव्हता आला. मी हो म्हटलं. हिशेब आज लिहीत नाही.

५ जानेवारी
सकाळी म्हणाले, पोस्टाचं कार्ड घे, पोपटरावांना लिही. फोन करा म्हटलं. "फोनवर मानूस हसून टाकतो. कागदाला हसता येत न्हाई." ते सांगत गेले, मी लिहीत गेले. माझं नाव त्यांनी कधी घेतलं नव्हतं, तिथं आल्यावर माझी लेखणी थांबली. म्हणाले, "लिही की. नाव इसरलीस व्हय?" जसंच्या तसं इथं उतरवते —

'पोपटराव यांस रामराम. काहिलीवर नजर टाकायचं काम माझ्याच्यानं आता होणार नाही. पुढच्या सोमवारपासून गुळव्या म्हणून सुलक्षणा उभी राहील. मी शेजारी बसेन, पण "उतरवा" तीच म्हणेल. पगार मला होता तोच तिला, एक रुपया कमी नाही. पटत असेल-नसेल ते उलट टपाली कळवावे.'