पैलतीर रंगाची शाई

चेरीताल, जबलपूर
१४ जून १९५९

ती. सौ. बेबीआत्यास,
अंजनीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. आईचा खोकला उतरला आहे. शाळेत मला शिकवायला चौथीचा वर्ग मिळाला. शेजारच्या पद्मजाताई हे तुला वाचून दाखवतील, त्यांना नमस्कार. माझी अक्षरं चुकली तर त्यांनी ती मनातल्या मनात सुधारून घ्यावीत. आमच्या घरात मीच पहिली शिकलेली, त्यामुळे चुका दाखवायला कुणी नाही, आणि त्या पुष्कळ असतील अशी मला सारखी धास्ती वाटते.

एका गोष्टीसाठी तुझी मदत हवी आहे. परवा बाबांच्या मालकांनी, श्यामसुंदरजींनी, सराफ्यामागच्या शाईच्या पडवीत बोलावलं. त्यांच्या शाया तुला माहीत आहेतच. त्यांच्या वडिलांना जुन्या काव्यांचा नाद, म्हणून प्रत्येक शाईचं नाव कुठल्यातरी काव्यातलं: मोरकंठी, वनवासी पळस, काजळरेघ. इथले प्रोफेसर आणि वकील फाउंटन पेनासाठी अजून त्या नावांनीच बाटली मागतात. पण बाबांनी केलेली ‘पैलतीर’ ते गेल्यापासून बनलेली नाही. दसऱ्यापासून मुंबईच्या तयार भुकटीची शाई त्याच नावाने विकायची, असं श्यामसुंदरजी म्हणाले. वाईट माणूस नाहीत ते. सांगताना माझ्याकडे बघत नव्हते.

माझ्या तोंडून निघून गेलं की पैलतीर मी करते. ते म्हणाले, अच्छा बेटा, कर. पण रंग तोच पाहिजे, जुन्या गिऱ्हाइकाला मी फसवणार नाही.

शाईत पडणाऱ्या हिरडा, हिराकस, नीळ यांचं माप मला ठाऊक आहे, मीच तोलून देत असे. आणि वेळ घड्याळाने नाहीच. बाबा कढई चढवत, मी नावेचं आख्यान मालकांच्या पोथीतून मोठ्याने वाचत असे, राजकन्येची नाव पैलतीराला लागली की कढई खाली. पण तुलना कशाशी करू? बाटली एकही उरली नाही. बाबा सांगत आणि मी लिहीत असे ती तुला येणारी पत्रं मात्र पैलतीरनेच लिहिलेली. त्यातलं एक पाठवशील का?

अजून एक. लिहू की नको असं झालं आहे. बाबांची ढवळायची काठी आईने घरी आणून चुलीमागे ठेवली. तिला कुणी हात लावत नाही. सकाळी ती ओली असते. आई म्हणते, त्यांचं काम राहिलंय. मला असं मानावंसं वाटत नाही, पण काठी ओली असते हे खरं आहे.

तुझा माझ्यावरचा जीव कमी होऊ देऊ नकोस.
तुझी अंजनी

नागपूर
२७ जून १९५९

चि. अंजनीस अनेक आशीर्वाद.

पद्मजाले सांगितलं, मी बोलते तसंच लिही, सुधारू नको. ते हसून राहिली.

दादाचं एकच पत्र उरलं आहे, ते मी पाठवणार नाही. रागावू नको. आता राज्यं दोन झाली. तुमचं जबलपूर तिकडं, आमचं नागपूर मुंबई राज्यात. डाकेत गेला कागद तर कोण्या साहेबाच्या पाया पडू? मले वाचता येत नाही, तरी ते पत्र मी पदरानं पुसून ठेवते. त्याच्यापेक्षा तू शाई कर आणि त्याच शाईनं मले पत्र लिही. मी दोन्ही कागद खिडकीत धरून पाहीन. अक्षर नाही वाचता आलं तरी रंग डोळ्याले दिसते.

आणि काठीचं काय घेऊन बसली? चुलीमागं ओल येत असल. पावसाळा आहे. लहानपणी तू शाईचं बोट चाटून काळ्या जिभेनं फिरे, तेव्हा कोणाले भेत नव्हती. मास्तरीण झाली अन् भित्री झाली काय?

ह्यांचे आशीर्वाद. वहिनीले नमस्कार सांग. माया आहेच, ते काय मागायची गोष्ट आहे?
बेबीआत्या

चेरीताल, जबलपूर
१९ जुलै १९५९

ती. सौ. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र मी केलेल्या शाईने लिहीत आहे. आता फिकी दिसते. ही शाई हवा लागली की वाळताना गडद होत जाते, म्हणून तुझ्या हातात पडेल तेव्हाचाच रंग खरा धर. पण मला इथेच कळलं आहे. कालचा कागद आज ओल्या कोळशासारखा झाला. संध्याकाळी नर्मदेच्या पलीकडचा काठ दिसतो, निळा म्हणावा तर राखी, तो रंग कुठेच नाही. दोनदा केली, दोन्हीदा अशीच. मापात चूक नाही, वाचनात एक अक्षर सोडलं नाही.

वाचनाचंच सांगायचं आहे. गेल्या पावसाळ्यात पोथी पडवीत भिजली म्हणून श्यामसुंदरजींनी उन्हाळ्यात ती नवी बांधून घेतली. आठ वर्षांची असल्यापासून मी ती वाचते आहे. राजकन्या नावेत बसते आणि लगेच पैलतीर येतो. मला वाटे, जुने कवी असंच थोडक्यात सांगतात. आता मध्ये दोन पानं निघाली आहेत. मी ती कधीच वाचली नव्हती, आत्या. त्यात राजकन्येचा बाप काठावर उभा राहून हात हलवतो. मग वाळूत बसतो. मग आडवा होतो. नावाडी मागे वळून बघतो, त्याला सगळं दिसतं, पण तो तिला सांगत नाही.

एका हाताने पोथी धरून दुसऱ्या हाताने मी ढवळत होते. माझ्या पाठीमागे आणखी एक कढई ढवळली जात होती. पडवीत कुणी नव्हतं. भर दुपार होती. त्या पानांवर आले आणि मागचा आवाज थांबला. पान संपेपर्यंत थांबलेला होता. दुसऱ्यांदाही तसंच.

मी सागरला ट्रेनिंगला निघाले तेव्हा बाबा स्टेशनवर आले होते. गाडी हलल्यावर ते बाकावर बसले, ते मी खिडकीतून पाहिलं. दमले असतील असं समजले. मी उतरले नाही. महिना झाला नाही तोच तार आली आणि मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, आईलाही नाही. ही पानं बाबांनीच मला दाखवली असं वाटतं. ते माझ्यावर रागावले असतील का? त्यांनी तुला माझ्याबद्दल कधी काही सांगितलं असेल तर मला सांग, कडू असलं तरी सांग.

श्यामसुंदरजींनी मुंबईला ऑर्डरचं पत्र लिहून ठेवलं आहे, अजून टाकलेलं नाही.

या काळ्या कागदावरून माझी पारख करू नकोस.
अंजनी

नागपूर
४ ऑगस्ट १९५९

चि. अंजनीस आशीर्वाद.

रंग नाही जमला. दादाच्या पत्रापुढं तुझं पत्र काजळ दिसते. खोटं काहून सांगू?

आता ऐक. पद्मजा लिहिता लिहिता डोळे पुसून राहिली, तर अक्षर वाकडं येईल.

पहिल्यांदा पोथी वाचली तेव्हा तू ते पानं वाचले होते. तुले आठवत नाही. आठ वर्षांची पोट्टी तू, बाप वाळूत पडला तिथं आली अन् हंबरडा फोडून पडवीतून पळाली. दोन दिवस दादाचं धोतर सोडलं नाही. त्याले कामावर जाऊ देईना. दादाले वाचता येत नव्हतं, पण पोथी जिथं उघडी टाकून तू पळाली, ते पान तर समोरच होतं. त्यानं लेबल चिकटवायची खळ घेतली, दोन्ही पानांले लावली अन् पोथी मिटून वर वजन ठेवलं. मालकाची पोथी! पुढं मी माहेरी आली तेव्हा त्यानं मले भीत भीत सांगितलं. मी म्हटलं, देवाची कथा आहे ना रे, पाप लागेल. तर तो म्हणे, लागू दे, पोरगी वाचते तर आहे.

अन् त्याले सारं आख्यान पाठ होतं, बरं का. लहानपणी कीर्तनात ऐकलेलं. तू दरवेळी ते पानं टाकून पुढं जाई, त्याले समजे. त्याच वाचनावर त्यानं शाई बसवली. आता तू पूर्ण वाचते, तर कढई जास्त वेळ चुलीवर राहते. जळणारच.

म्हणून तो थांबते, पोरी. रागावून नाही. ते पान आलं की तू रडशील म्हणून त्याचा हात थांबत असल. आणि स्टेशनवर तो बसला तर बसला. त्यानं मले निरोप धाडला होता की अंजनी खिडकीतून हात हलवत गेली. लय खूश होता.

ते पानं मीट अन् कर शाई.
बेबीआत्या

चेरीताल, जबलपूर
६ सप्टेंबर १९५९

ती. सौ. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आल्यावर मी चार दिवस काहीच केलं नाही. फक्त श्यामसुंदरजींना खळीचं सांगून आले, कारण त्यांना न सांगता ती पोथी पुन्हा हातात घेणं मला जमलं नसतं. त्यांनी ती पानं उजेडात धरली. कडेला खळीच्या खपल्या अजून आहेत. म्हणाले, बांधणाऱ्याने तक्रार केली होती, ही पानं सोडवता सोडवता जीव गेला म्हणून. आम्ही समजलो उंदराचं काम. मग बराच वेळ ते चष्मा पुसत होते.

वाचलेलं पान न वाचल्यासारखं करणं मला खोटेपणा वाटत होता. म्हणून पोथी मागून घेतली आणि आईला घेऊन नर्मदेच्या ग्वारीघाटावर गेले. पायरीवर बसून ती दोन पानं मोठ्याने वाचली, शेवटपर्यंत. स्टेशनच्या बाकाचंही आईला सांगितलं. आई पाण्याकडे बघत म्हणाली, मलाही ठाऊक होतं त्यांना बरं नव्हतं ते. तुझी गाडी चुकेल म्हणून त्यांनीच मला बोलू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी कढई चढवली. ती पानं अंगठ्याखाली एकत्र धरली. नाव सुटली आणि लगेच पैलतीर आला. कढई उतरवली. या वेळी पाठीमागे आवाज नव्हता. माझीच काठी फिरत होती. मला हलकं वाटलं, आणि एकटंही. त्या दिवसापासून चुलीमागची काठी कोरडी आहे. पाऊस तसाच चालू आहे तरी.

हे पत्र त्या शाईचं. बाबांचं जुनं पत्र तुझ्याजवळ आहे, तेव्हा बेबीताई म्हणतील ते मी मानेन, असं श्यामसुंदरजी म्हणाले. मुंबईच्या ऑर्डरचं पत्र त्यांच्या खिशात आहे. खिडकी चांगली उघडून बघ आणि माझ्यावरच्या मायेने हो म्हणू नकोस.

तेवढं सोडून बाकी सगळी माया असू दे.
अंजनी

नागपूर
१५ सप्टेंबर १९५९

चि. अंजनीस अनेक अनेक आशीर्वाद.

तुझं पाकीट आलं. दोन्ही कागद खिडकीत ठेवले. ह्यांले बोलावलं, पद्मजाच्या सासूले बोलावलं. मग चहा ठेवायले उठली अन् पोट्ट्यांच्या गडबडीत कागद इकडचे तिकडं झाले. आता कोणता दादाचा अन् कोणता तुझा, मले ओळखू येईना. दोन्हींवर अक्षर तुझंच. रंग एकच. मी घाबरली, म्हटलं हे काय करून बसली!

मग पद्मजाले म्हटलं, बाई, वाच. तिनं एक वाचला. त्यात दादा विचारून राहिला होता की पोरगी सागरले गेल्यावर धड जेवल की नाही. तो मी उचलून पेटीत ठेवला.

श्यामसुंदरजींले सांग, खिशातलं पत्र फाडा.
तुझी आत्या