धनश्रीच्या नावाच्या शेळ्या

कॉर्क, आयर्लंड
६ जानेवारी २०२५

ती. आबांना शि. सा. न. वि. वि.

मी बरी आहे. हॉस्पिटलात ड्यूटी, घरी आल्यावर आमटी-भात, असं चाललंय. एक लहानसं घर बघितलंय. बँक कर्ज द्यायला तयार आहे, पण मी इथं परमिटवर काम करणारी परदेशी नर्स, म्हणून पदरचे पैसे जास्त मागतात. शेळ्या विकून तुम्ही पाठवलेत, ते धरून भागतं. फक्त तुम्ही लिहून द्यायचं, की हे पैसे मुलीला बक्षीस दिले, परत नकोत, घरावर माझा हक्क नाही. महिनाअखेर कागद आला नाही तर घर दुसऱ्याला जाईल. भाड्याच्या खोल्या बदलून मी आता कंटाळले आहे. आईला सांगा, स्वयंपाकघरात ऊन येतं.

आठवण काढत राहा.
तुमची धनश्री

धनगरवाडा, पाली, ता. वेल्हे
१२ जानेवारी

चि. धनश्रीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तुझ्या भावानं, सिद्धनाथनं, वाचून दाखवलं. वाड्यावर रेंज नाही. तो विंझरला गेला की ह्या कागदाचा फोटो पाठवील.

घराचं ऐकून बरं वाटलं. पण बक्षीस म्हणून मी लिहिणार नाही. तुझ्या बारशाला तुझ्या नावानं शेळी सोडली. तिची करडं, त्यांची करडं, सगळी तुझी. विकल्या त्या तुझ्याच. तुझेच पैसे तुला बक्षीस देऊन मिरवू काय? तुझी आई म्हणते, लिव्हा की, तिकडं कोन बघाया येतंय. पण तुझ्या गोरखमामानं वाट काढली. तू शेळ्यांवरचा हक्क सोडलास असं आधी मला कळव. म्हणजे त्या माझ्या, पैसेही माझे, मग बक्षीस द्यायला मी मोकळा. दावणीला राहिलेल्याही त्यात आल्या, हे ध्यानात घे.

थंडीचं डोकं बांधून हिंड.
आबा

कॉर्क
२० जानेवारी

ती. आबांना शि. सा. न. वि. वि.

आधी रागच आला. बँकेतल्या बाईंना खरं सांगायला गेले, तर त्यांनी माझ्या नावावरच्या विक्रीच्या पावत्या मागितल्या. दारात आलेला व्यापारी कसली पावती देतो? म्हणून लिहिते. माझ्या नावाच्या सगळ्या शेळ्या, विकलेल्या आणि राहिलेल्या, मी सोडल्या. त्या आता तुमच्या. कागद लवकर पाठवा.

रागावला असाल तरी पत्र लिहा.
धनश्री

धनगरवाडा, पाली
२५ जानेवारी

चि. धनश्रीस अनेक आशीर्वाद.

बँकेचा कागद सोबत आहे. त्यांनी सांगितलं तसंच लिहिलं, गोरखमामा साक्षीला आहे. आता त्यात खोटं काही नाही. घर तुझं होईल. मी रागावलेलो नाही.

तू शेळ्यांवरचा हक्क सोडलास हे वाड्यावर सगळ्यांना सांगावं लागलं. काल त्यातलीच बांडी शेळी व्याली, मादी करडू झालं. अशा करडाच्या कानाला तुझी आई तुझं नाव घेऊन हळद लावते, तशी ती वाटी घेऊन आली. मग थांबली, आणि आता कुणाचं नाव घेऊ म्हणून मला विचारू लागली. फार वाईट वाटलं.

करडू धडधाकट आहे. हळद अजून लावलेली नाही.

खुशाली कळवत जा, माया असू दे.
आबा