हा मुळा खायचा नव्हता

आरे कॉलनी, मंगळवार, संध्याकाळ

सासूबाईंनी वाट लावली. वाफ्यातला सगळा मुळा उपटून पाड्यावर वाटून आल्या. किती वेळा सांगितलं, आई, हा खायचा नाही, पाल्यासकट चिरून मातीत गाडायचा, म्हणजे वांग्यांच्या मुळांना गाठी आणणारे सूत्रकृमी मरतात. तर म्हणे, "खायच्या वस्तूवर माती कशी लोटू गं?"

जेवताना मी गेल्या खेपेच्या वांग्याचं गाठाळलेलं मूळ आणून त्यांच्या ताटात ठेवलं. "यंदाही हेच पिकणार. खा."

त्यांनी माझ्यासाठी राखलेला एक कोवळा मुळा तेवढा माझ्या ताटात सरकवला. मी तो उचलला, बोटांना मीठ लागलं, आणि त्यांच्यादेखत वाफ्यात गाडून आले. बरं वाटलं. वाटायला नको होतं का?

ते मीठ. चोळून ठेवला होता, मला आवडतो तसा.

असू दे.