न फिरलेली किल्ली

प्रिय धाकट्या,

पत्र बघून घाबरू नकोस, घरात सगळे धड आहेत. घाबरलोय तो मी. उभा जन्म लोकांची कुलपं दुरुस्त करणारा तुझा बाप हल्ली स्वतःच्या दाराच्या आवाजाने दचकतो. आई चिडवते, चोर आला तर किल्लीही तुम्हीच करून द्याल.

चर्चचे पाळक आजारी असल्याने रविवारचा शास्त्राभ्यास सध्या माझ्या गळ्यात आहे. बायबलमधली, परमुलखात नेलेल्या यहुदी लोकांना बंदिवासातून परत आणण्याची देवाची अभिवचनं शिकवतोय. लोक परतले खरे, पण मंदिराचा नवा पाया बघून म्हातारे रडले, कारण त्यांनी शत्रूने पाडलेलं पहिलं मंदिर पाहिलेलं होतं, आणि नवं त्याच्यापुढे काहीच नव्हतं. म्हणून आपण मानतो की ते परतणं अर्धंच होतं. उरलेलं ख्रिस्तात सुरू झालं आणि तो पुन्हा येईल तेव्हा पुरं होईल. हे मी घडाघडा सांगितलं. हरवलेली मेंढरं मी स्वतः शोधीन असं देव म्हणाला, तेही सांगितलं. तर समोरच्या शिलाईवाल्या बाईंनी विचारलं, म्हणजे आधी देवच निघाला, घरात वाट बघत नाही बसला, होय ना? मी वर्ग तिथेच आवरला.

सात वर्षांपूर्वी उपासनेला येणार नाही म्हणालास, आणि मी तुला भरल्या ताटावरून उठवून घराबाहेर काढलं. त्याच आठवड्यात दाराचं कुलूप बदललं. जुनं बिघडलंय, असं आईला सांगितलं. तिने मान डोलावली, कुलपातलं मलाच कळतं ना.

दोन वर्षांपूर्वी एका दुपारी मी घरात एकटाच होतो. कोणीतरी बाहेरून दारात किल्ली घातली. ती फिरली नाही. काढून पुन्हा घातली. मी स्वतः घासलेली किल्ली मला आवाजावरून कळते. मग तू खोकलास. तुझी पावलं जिना उतरेपर्यंत मी श्वास रोखून खुर्चीत बसून राहिलो. आईला हे अजून माहीत नाही.

आज जुनं कुलूप परत बसवलं. तुझी किल्ली आता चालेल, पण ती तू केव्हाच फेकली असशील या भीतीने जीव थाऱ्यावर नाही. म्हणून ताईकडून तुझा पत्ता घेतलाय. येत्या शनिवारी मीच येतोय. त्याआधी तुला सगळं ठाऊक असावं, म्हणून हे पत्र. मी एकदाच दार वाजवीन आणि जिन्यात थांबेन. आत बसून राहावंसं वाटलं, तर राहा. तुझ्या श्वासाचा आवाज मला कळेल.

तुझ्या जिन्यात थांबणारा, तुझाच,
बाबा