कस्तुरीचा पहिला क्वार्टर

९ जून, सोमवार
आजपासून रोजनिशी. कारण: कस्तुरी. वय आठ, इयत्ता तिसरी, आमची एकुलती एक. शाळेत बोलावलं होतं. यशवंतपूरच्या ऑफिसातून दीड तास ट्रॅफिक, आणि गणिताच्या वीणा मिसनी दिली सात मिनिटं. म्हणाल्या, हिचं काम सगळ्यांच्या आधी संपतं, मग ही खिडकीबाहेर बघत बसते, हिला जरा चॅलेंज हवं. ऑगस्टपासून शनिवारी आठ मुलांचा गणिताचा गट सुरू होतोय. चाचणी २ ऑगस्टला. तोवर घरी अधूनमधून विचार करायला लावणारं एखादं गणित द्या.

एखादं म्हणे! मग या बाई पगार कशाचा घेतात?

मी चौथीच्या स्कॉलरशिपला जिल्ह्यात सदतिसावा होतो. बावीस इंजिनिअर हाताखाली आहेत. आठ वर्षांच्या मुलीला चॅलेंज करणं म्हणजे असं काय मोठं! नीलिमा म्हणाली, अजित, चॅलेंज तिला द्यायचंय, तिच्याशी लावायचं नाहीये. बायकोचा स्वभाव निगेटिव्ह आहे.

१० जून, सकाळी ६.५०
प्लॅन तयार. रोज सकाळी स्टँड-अप: काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय. संध्याकाळी टायमर लावून पन्नास गणितं. एक्सेल शीट केली. क्वार्टर संपला की रिव्ह्यू.

संध्याकाळी ७.३०
स्टँड-अपमध्ये अडचण विचारली तर म्हणाली, झोप. पन्नास गणितांना वीस मिनिटं दिली होती, अकरात संपली. चुका शून्य. घाईत मीच सोपी काढली होती. उद्या बघतो तिला.

१३ जून
पाचवीचं पुस्तक. चुका शून्य.

१७ जून
सहावीचं पुस्तक. चुका शून्य. एके ठिकाणी पुस्तकामागचं उत्तर चुकलंय म्हणाली. छापलेलं उत्तर कसं चुकेल? चुकलं होतं. प्रकाशकाला सणसणीत ईमेल टाकली.

२१ जून
आता हुकमी एक्का: दिडकी. प्रत्येक आकड्याची दीडपट, पाढ्यासारखी घोकायची. जुनी माणसं यावरच हुशार झाली. दोन दिवस पाठांतराला दिले होते. आज तेराची दीडपट विचारली, तर पठ्ठीने तेरा आणि तेराचं निम्मं मिळवून साडेएकोणीस सांगितलं. ही सरळसरळ चीटिंग आहे. पाठांतर कुठाय? मला स्वतःला दिडकी सहापर्यंतच येते, पण इथे प्रश्न माझा नाहीये.

२८ जून, शनिवार
शेजारच्या कृष्णात अण्णांचा वीट आलाय. मूळचे निपाणीचे. चिकपेटला टाइल्सचं दुकान आहे, आणि तोंडावर कायम हसू. आज लिफ्टमध्ये त्यांनी कस्तुरीला एक गणित घातलं. सहा बाय सहा चौकोनांची बाल्कनी. तिरके समोरासमोरचे दोन कोपरे खांबांनी अडलेले. एक टाइल शेजारशेजारचे दोन चौकोन झाकते. एकही टाइल न तोडता फरशी पुरी होईल का? उत्तर सांगितलं नाही, चालते झाले.

तेव्हापासून ती आमच्या बाल्कनीत खडू घेऊन पालथी पडलीय. आजची पन्नास गणितं राहिली. मी अण्णांची बेल वाजवून स्पष्ट सांगितलं की आमचं शेड्यूल असतं. ते म्हणाले, स्वल्प दम धरा की सर, पोरगी विचार करायलीय. असल्या ढिलाईमुळेच यांच्या एका दुकानाची वीस वर्षांत दोन झालेली नाहीत.

१ जुलै
चौथा दिवस. कस्तुरी म्हणते, बसणारच नाहीत. मी म्हटलं, छत्तीसातून दोन गेले, उरले चौतीस, म्हणजे सतरा टाइल्स, विषय संपला. ए-थ्री कागदावर काढून दाखवायला बसलो. चार कागद गेले. शेवटी दोन चौकोन कुठेतरी लांब-लांब उरतात. कागदच धड आखलेला नसावा.

मग तिने अण्णांना बोलावून आणलं आणि आमच्या दोघांसमोर बाल्कनीतले चौकोन आलटून पालटून रंगवले, एक पांढरा, एक काळा. दोन्ही खांब पांढऱ्यावर आले. उरले काळे अठरा, पांढरे सोळा. एक टाइल नेहमी एक काळा आणि एक पांढरा झाकणार, मग दोन काळे उरणारच. अण्णांनी टाळ्या वाजवल्या. माझ्याकडे बघून हसले.

मी चिडलो नाही. जेवलो नाही ते ॲसिडिटीमुळे. कुणाशी बोललो नाही ते डोकं दुखत होतं म्हणून. माझ्यामुळे कुणी थांबायचं कारण नव्हतं, पण साडेनऊपर्यंत दोघी ताटं घेऊन बसून राहिल्या.

२ जुलै
चुका दोन!

पन्नासातल्या दोन चुकल्या! सापडली एकदाची. चाळीस मिनिटं शांतपणे समजावलं. कस्तुरी मान डोलावत होती. वेळेवर जेवलो. जाऊन श्रीखंड घेऊन आलो.

१० जुलै
मध्ये दोन दिवस वरखाली झालं, आता रोज दोन चुका. ग्राफ एका रेषेत. याला म्हणतात अचूक लेव्हल: फार सोपं नाही, फार अवघड नाही. शाळेला जे तीन वर्षांत जमलं नाही ते मी महिन्यात केलं. ऑफिसात प्रेझेंटेशन द्यावं म्हणतोय. अण्णा लिफ्टमध्ये भेटले, मी मोबाईलमध्ये बघितलं.

१९ जुलै, शनिवार
क्वार्टर रिव्ह्यू. चाचणीमुळे अलीकडे घेतला. कस्तुरीला समोर बसवून रेटिंग दिलं: अपेक्षेप्रमाणे. तिने विचारलं, वरचं मिळायला काय करायचं? सांगितलं, पहिल्या क्वार्टरला वरचं कुणालाच देत नाहीत, पॉलिसी आहे, मन लावून करत राहा. बरं म्हणाली. टीममध्येही सगळ्यांना मी असंच सांगतो, फक्त ते बरं म्हणत नाहीत. नीलिमा यावर जे बोलली ते लिहिण्यासारखं नाही.

२ ऑगस्ट, शनिवार
चाचणी. बारा प्रश्न. गेटबाहेर उभा होतो. बाकीचे आईबाप टेन्शनमध्ये. मला त्यांची कीव आली.

४ ऑगस्ट, सोमवार, दुपार
निवड नाही. बारापैकी दहा बरोबर. तक्रारीची ईमेल लिहायला घेतली: पेपरचा दर्जा, खिडक्यांची जागा, वीणा मिसचा दृष्टिकोन. अर्धी झाली तेवढ्यात मिसचाच फोन, येऊन जा. गेलो. ट्रॅफिकभर भाषण तयार केलं.

भाषण झालं नाही. मिसनी पेपर पुढे ठेवला. सगळ्यात अवघड गणित तिने दोन रीतींनी सोडवलंय. चुकलेली दोन सगळ्यात सोपी. मिस म्हणाल्या, पेपर चालू असताना कस्तुरीने हात वर करून विचारलं, घरी मी दोन चुकवते, इथे किती चुकवायची? त्यांना वाटलं गंमत करतेय. त्या म्हणाल्या, तुझं तू ठरव.

येत्या शनिवारी तिला नवा पेपर देणार आहेत. अट एकच: तोवर घरी कुणी तिला गणित विचारायचं नाही. विचार करून सांगतो म्हटलं. त्या म्हणाल्या, विचार नको, इथे सही करा. केली.

संध्याकाळ
जुलैच्या वह्या काढल्या. प्रत्येक चूक खऱ्या उत्तरापेक्षा बरोबर एकने जास्त. रोज. बावीस जणांच्या चुका शोधण्याचं काम करतो मी, आणि महिनाभर हे दिसलं नाही. दिसलं नाही असंही नाही. बघितलं नाही.

कस्तुरीला विचारलं, असं का? जराही न घाबरता सांगितलं. म्हणाली, दोन चुकल्या की तू समजावतोस, मग तू खूश असतोस, मग सगळे वेळेवर जेवतो. एक चुकवून बघितली होती बाबा, पुरत नाही. तीन चुकवल्या तर ओरडतोस.

तीन कधी चुकवल्या होत्या ते मला आठवेना. तिला तारीख पाठ होती.

लाज वाटतेय. दुसरा शब्द शोधत होतो, नाही सापडला.

५ ऑगस्ट
शीट डिलीट केली. स्टँड-अप नाही. दिवसभर एकही गणित विचारलं नाही. जेवताना कस्तुरीने विचारलं, बाबा, तू चिडलायस का? नाही म्हटलं. अगदी खरं सांगितलं.

माझं उत्तर बरोबर आहे का, हे तिने आईच्या तोंडाकडे बघून तपासलं. मग जेवायला लागली.